दुसरं मडकं

तुंगाआत्याच्या जिभेचं टोक निळं होतं. पान खाणाऱ्या बायकांची जीभ लाल असते, तशी हिची निळी, आणि तिला त्याचा कधी संकोच वाटला नाही. आमच्या घरात निळीचा रांजण ढवळायचा मान पुरुषांचा. ढवळून झालं की ते लांब काठी बाहेर दगडावर टाकत, कारण काठी धुणं हे बायकांचं काम. आत्या ती काठी उचलायची, तिच्यावरून बोट फिरवायची, बोट जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि डावीकडे थुंकून टाकायची. मग उंबऱ्याबाहेरूनच आत आवाज द्यायची, "अण्णा, चुना जास्त झालाय." किंवा, "भूक लागलीय की त्याला. गूळ घाला स्वल्प." आतून माझे मोठे काका खाकरायचे. आपण काही ऐकलंच नाही, असा त्या खाकरण्याचा अर्थ होता. अर्ध्या तासाने ते गूळ घालायचे.

मी तीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून अधूनमधून कुठे ना कुठे सत्कार होतो, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न येतो: त्या काळात मुलगी असून तुम्ही शास्त्राकडे कशा वळलात? विचारणाऱ्याला एखाद्या मोठ्या प्राध्यापकाचं नाव हवं असतं. मी सांगते, मला शास्त्राकडे माझ्या आत्याने वळवलं. तिला सही करता येत नव्हती, आणि तिचं शिक्षण एका खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसून झालं. लोक टाळ्या वाजवतात आणि छापताना नेमकं तेवढंच वाक्य गाळतात. दोनदा असं झालं. म्हणून आता सगळं मीच लिहून ठेवते आहे.

आम्ही म्हैसूरचे रंगारी. आमचे पूर्वज कधी आणि कोणाबरोबर खाली आले, याबद्दल घरात तीन मतं होती आणि तिन्ही मतांवरून भांडणं होत. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण तिच्यात निम्मं कन्नड. तुंगाआत्या ही मोठ्या काकांची धाकटी आणि माझ्या अप्पांची थोरली बहीण. नंजनगूडला दिलेली, बाविसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली. रांजणाच्या खोलीत कुठल्याच बाईने पाऊल टाकायचं नाही आणि विधवेची तर सावलीही पडता कामा नये, असा आमच्याकडे नियम. त्यामुळे आत्या खोलीच्या दाराशी, बरोबर उंबऱ्याला लागून बसायची आणि दगडावर नीळ वाटायची. तीन-तीन दिवस एकच गोळा. वाटता वाटता नाकाने आतला रांजण वाचायची. "आज उठलाय," म्हणायची, "वास गोड झालाय." मी खिडकीतून डोकावून बघायची, तर खरोखरच वर तांबूस साय आणि निळा फेस, आणि खालचं पाणी पिवळट हिरवं. त्यात बुडवलेलं कापड पिवळं बाहेर यायचं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं व्हायचं. ते का होतं, असं मी काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "देवीची कृपा." आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गोत्तिल्ला. मला ठाऊक नाही. तू शोध की." पुढे माझं आयुष्य ज्यात गेलं, ते तिच्या या शब्दांनी सुरू झालं.

मध्ये काही वर्षं जर्मन रंगाचे डबे आले. डबा उघडा, पाण्यात पूड टाका, निळं तयार. रांजणावर झाकण पडलं आणि आत्या घरातली भांडी घासू लागली. मग पहिलं महायुद्ध पेटलं आणि वर्षभरात डबे बाजारातून नाहीसे झाले. नेमकं त्याच साली दसऱ्यासाठी निळ्या पागोट्यांचं मोठं काम घरी आलं. रांजणावरचं झाकण उघडलं. पण इतक्या वर्षांत पुरुषांचा हात गेला होता. त्यात भाद्रपदातला गारठा, सतत भुरभुर पाऊस, आणि चुना नव्या भट्टीचा, चांगला जहाल. पाचव्या दिवशी रांजण रुसला. आमच्याकडे 'बिघडला' म्हणत नसत, 'रुसला' म्हणत. पाणी करडं झालं, साय नाहीशी झाली, कापड बुडवलं तर मळकट पांढरं बाहेर यायचं.

आता इथे आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. रांजण रुसला की त्याला खूश करायला घरातल्या थोरल्या पुरुषाने एक कंडी पिकवायची. अगदी धडधडीत खोटी बातमी. ती गावभर जितकी पसरेल तितका रांजण लवकर उठतो, अशी पक्की समजूत. घरातल्या बायकांना त्यातलं काही कळू द्यायचं नाही, आणि रांजण उठेपर्यंत बातमी मागे घ्यायची नाही. लहान असताना मी स्वतः ऐकलं होतं, की चामुंडीच्या टेकडीवर पाषाणाच्या नंदीने जांभई दिली. सगळं म्हैसूर टेकडी चढून आलं होतं. ती बातमी आमच्या घरातून निघाली होती, हे मला खूप पुढे समजलं.

या वेळी मोठ्या काकांना नंदी सुचला नाही. युद्धाचे दिवस होते. त्यांनी सकाळी दाढी करताना न्हाव्याच्या कानात सांगितलं, की शाळेत नाव असलेल्या मुलींना सरकार जहाजात घालून लढाईवर पाठवणार आहे, जखमी गोऱ्या शिपायांची सेवा करायला. संध्याकाळपर्यंत ते मंडईत पोचलं. तिसऱ्या दिवशी ते आमच्याच दारात परत आलं, फुलवालीच्या तोंडून, आणि तोवर चांगलं बाळसं धरून. "अक्का, मंगळूरला जहाज लागलंय म्हणे," ती माझ्या आईला म्हणाली, "याद्या झाल्यात, पोरींची उंचीसुद्धा लिहून नेलीय." आईच्या हातातली माळ तिथेच राहिली. मी तेव्हा चौदा वर्षांची. त्याच वर्षी आमच्या शाळेत वरच्या वर्गाला शास्त्र सुरू झालं होतं. बंगळूरहून एक बाई आल्या होत्या, काचेच्या चंबूत काहीबाही मिसळून रंग बदलून दाखवायच्या, आणि मी त्या तासासाठी आठवडाभर डोळे लावून बसायची. आईने त्या दुपारी माझी पाटी-पुस्तकं कोनाड्यातून काढून माळ्यावर टाकली. आठ दिवसांत नंजनगूडचं एक स्थळही निघालं.

काकांना सगळं ठाऊक होतं आणि ते गप्प होते. अप्पांनाही ठाऊक होतं. माझे अप्पा भला माणूस, पण भावापुढे त्यांचं तोंड उघडत नसे. मी रडत होते आणि ते ताटाकडे बघून जेवत होते. या गोष्टीचा राग मी त्यांच्यावर फार वर्षं धरला, आणि अजून सगळा गेलेला नाही.

आत्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच ओळखलं. इतकी वर्षं ती त्या उंबऱ्याशी बसली होती. रांजण रुसला की तिसऱ्या दिवशी गावात काहीतरी अचाट ऐकू येतं, हे तिने केव्हाच हेरून ठेवलं होतं. स्थळ निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष जेवायला बसले असताना ती वाढता वाढता थांबली.

"अण्णा, जहाज तुम्हीच सोडलंत ना?"

काका खाकरले.

"पोरीची शाळा गेली की त्या जहाजातनं. आता मागे घ्या."

"रांजण उठल्याशिवाय नाही," काका म्हणाले. "आणि तुला त्यातलं काय कळतं? सुम्ने, गप बस."

"रांजण खोटं बोलल्यानं उठतो होय?"

"आजवर उठलाय. आजोबांपासून उठलाय. नंदीच्या वेळी चौथ्या दिवशी उठला नव्हता?"

आत्याने भाताचं भांडं खाली ठेवलं. "उठला. त्या चार दिवसांत ऊनही पडलं होतं. कशामुळे उठला ते कसं कळायचं?" मग तिने काकांना न विचारता अप्पांकडे वळून सांगितलं, "तम्मा, मला त्या रांजणातलं पाणी दोन मडकी भरून आणून दे. सारखी मडकी हवीत, आणि भरायचीही सारखीच." अप्पांनी एकदा भावाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि उठले. हात न धुता उठले, हे मला आजही दिसतं.

एक मडकं आत्याने रांजणाच्या खोलीच्या दारातच ठेवलं. "हे अण्णांचं," म्हणाली. "याला कोणी काही करायचं नाही. याला नुसती कंडी पुरे." दुसऱ्या मडक्यात तिने टाकळ्याचं बी शिजवून घातलं, ज्याला आम्ही तगचे म्हणायचो, आणि मला घेऊन थेट रिसाल्याच्या तबेल्याकडे निघाली. तिथल्या मराठी स्वारांच्या घरच्या बायका तिच्या ओळखीच्या होत्या. आम्ही दोघींनी दोन टोपल्या ताजी, वाफाळती घोड्याची लीद डोक्यावर आणली. भर रस्त्यातून. बायका नाकाला पदर लावून बाजूला होत होत्या आणि आत्या प्रत्येकीला मोठ्याने सांगत होती, "ऊब आहे गं ही, फुकटची ऊब!" परसात खड्डा करून तिने मडकं लिदीत गळ्यापर्यंत पुरलं. रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही मडक्यांत बोट घालायची, दोन्हींची चव घ्यायची, आणि मला म्हणायची, "तूही घे. आपल्या जिभेला कळल्याशिवाय मान हलवायची नाही." मी घेतली. आईने मला मारलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घेतली.

तिसऱ्या दिवशी लिदीतल्या मडक्यावर तांबूस साय धरली. चौथ्या दिवशी आत्याने त्यात पांढऱ्या धोतराची चिंधी बुडवली, पिवळी बाहेर काढली आणि सगळ्यांसमोर हवेत धरली. ती निळी होत गेली. मग तिने दुसरी चिंधी दारातल्या मडक्यात बुडवली. ती मळकट पांढरीच राहिली.

"बघा," काका म्हणाले, "कंडी पसरली आणि रंग उठला."

आत्या हसली. मी तिला इतकं खुशीत हसताना क्वचितच बघितलं. "अण्णा, कंडी गावभर झाली ना? मग ती या मडक्यानंही ऐकली आणि त्याही मडक्यानं. दोघांनी ऐकली. मग एकच का उठलं?"

काकांनी दोन्ही चिंध्यांकडे बघितलं. मग ते चिडले. विधवेने रांजणाचं पाणी बाटवलं, देवी बघून घेईल, असं काय काय बोलून ते निघून गेले. अप्पांनी त्याच दुपारी मोठ्या रांजणात तगचे घातलं आणि त्याच्याभोवती लिदीचे थर लावले. दोन दिवसांत तोही उठला. पागोटी वेळेवर निळी झाली.

पण काका बातमी मागे घेईनात. दसरा होऊ दे म्हणाले, आत्ता घेतली तर रांजण परत रुसेल. दसऱ्यापर्यंत माझं लग्न ठरलं असतं. आत्याने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही चिंध्या हातात घेऊन तिने माझं मनगट धरलं आणि आमच्या आळीतल्या विठोबाच्या देवळासमोर उभी राहिली. काकड आरती संपून लोक बाहेर पडत होते. "ऐका," ती म्हणाली, "मंगळूरला जहाजबिहाज काही नाही. ती कंडी आमच्या घरची. रांजणासाठी सोडलेली. पोरींना शाळेत घाला." विधवा बाई, भर सकाळी, देवळाच्या पायरीवर, घराण्याची रीत चव्हाट्यावर मांडते आहे. तिथून ती माझ्या वर्गातल्या एकेका मुलीच्या घरी गेली. काही ठिकाणी दार लावून घेतलं. एका घरी अंगावर पाणी टाकलं. ती पदर पिळून पुढच्या घरी गेली. शेवटी ती आमच्याच घरी आली आणि माझ्या आईसमोर उभी राहिली. "वैनी, माळ्यावरची पुस्तकं मी काढू की तू काढतेस?" आईने स्वतः शिडी लावली.

सोमवारी मी शाळेत गेले. अर्धा वर्ग परत आला होता. शास्त्राच्या बाईंना मी दोन मडक्यांची हकीकत सांगितली. त्या खडू हातात धरून ऐकत राहिल्या. "हे तुला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. आत्यानं, मी म्हणाले. "त्या कुठे शिकल्या?" मी म्हणाले, उंबऱ्याबाहेर. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन मडकी काढली आणि तो सगळा तास त्यावरच शिकवलं. मी काय व्हायचं हे माझ्यापुरतं त्या तासाला ठरलं.

आत्या त्यागमूर्ती वगैरे नव्हती, हे मुद्दाम सांगते, कारण व्यक्तिचित्रातल्या आत्या फार लवकर देवी होतात. हिला श्रेय हवं होतं. "का नको?" म्हणायची. "रंग मी उठवला. अण्णांनी ते चारचौघांत, मोठ्यानं म्हणायचं, की तुंगानं उठवला." काका कधी म्हणाले नाहीत. उलट रांजणाच्या खोलीत लीद आणायची नाही, असा त्यांनी हुकूम काढला. गंमत अशी, की त्यानंतर आमचा रांजण पुन्हा कधी रुसला नाही. दर दसऱ्याच्या आधी आत्या उंबऱ्याशी बसून नाक वर करून म्हणायची, "अण्णा, घोड्याचा वास येतोय की!" आतून खाकरणं ऐकू यायचं. वीस वर्षं हे चाललं.

आणि घरात कोणी काही छातीठोक सांगितलं, की अमक्याच्या अंगाऱ्याने ताप उतरला, तमकीच्या पायगुणाने पाऊस आला, की आत्या हातातलं काम थांबवून विचारायची, "असं होय? आणि दुसरं मडकं कुठाय?" लोकांना तिची भीती वाटू लागली. मला पुढे कॉलेजात शास्त्र घ्यायचं होतं तेव्हा एक पाहुणे म्हणाले, शास्त्र शिकलेल्या मुलींची लग्नं होत नाहीत. आत्याने विचारलं, "न शिकलेल्या आमच्या सगळ्यांची झाली. काय उठलं त्यातनं?" पाहुण्यांनी कॉफी अर्धी ठेवली. मी शास्त्र घेतलं.

बी.एस्सी. झाल्यावर मी तिला एकदा प्रयोगशाळेत नेलं. तिने प्रत्येक बाटलीचा वास घेतला आणि चव घेऊ देत नाही म्हणून माझ्यावर रुसली. तेव्हा मी, नव्या पदवीच्या तोऱ्यात, तिला म्हटलं, "आत्या, तुझ्या प्रयोगात एक चूक होती. ऊबही दिलीस आणि बीही घातलंस. दोन गोष्टी एकदम बदलल्यास. मग नेमकं कशामुळे उठलं?" ती पदर सावरून घरी निघाली. मला वाटलं, दुखावली. आठ दिवसांनी घरी गेले तर परसात चार मडकी. एकात नुसतं बी, एक नुसतं लिदीत, एकाला दोन्ही, एकाला काहीच नाही. जिभेचं टोक पुन्हा निळंशार. "उबेनं," ती म्हणाली. "बी नसलं तरी उठतंय, पण सावकाश. तेव्हा घाई होती गं, तुझी शाळा जात होती." माझ्याबरोबर शिकलेल्या कितीतरी जणांनी आपल्या चुकीसाठी आयुष्यात चार मडकी मांडलेली मी बघितली नाहीत.

आत्या गेली ती साध्या खोकल्याने, हिवाळ्यात. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. तेराव्याला सगळे रंगारी नातलग आमच्याकडे जमले. जेवणं व्हायची होती. कोणीतरी एक म्हातारी म्हणाली, "देवीचं पाणी बाटवलं होतं तिनं. तेच भोवलं शेवटी." दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

मी उठून उभी राहिले. माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. "दुसरं मडकं कुठाय?" मी विचारलं. "मोठ्या काकांनी देवीला कधी दुखावलं नाही, एकही नियम मोडला नाही. ते आत्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, आणि तिच्याआधी सात वर्षं गेले. तोही खोकलाच. मग त्यांना काय भोवलं?"

माझा चुलतभाऊ, मोठ्या काकांचा मुलगा, समोरच बसला होता. आपण त्याच्या मेलेल्या बापाचं नाव काढलं, हे मला तेव्हा जाणवलं, आणि तरी मला ते परत घ्यावंसं वाटेना. मग तो खाकरला, अगदी काकांसारखा, आणि म्हणाला, "बाबा दर दसऱ्याला मला पहाटे तबेल्यात पाठवायचे. लीद आणायला. तुंगाआत्याला कळू देऊ नको म्हणायचे." त्याने आवाज चढवला. "रंग तिनंच उठवला होता. बाबांना ठाऊक होतं."

चारचौघांत, मोठ्याने. तिने मागितलं होतं अगदी तसं. फक्त ते ऐकायला ती तिथे नव्हती, आणि त्याचा मला आजही राग येतो.